नऊ पुस्तकं आणि एक 'प': बडोद्यातल्या मराठी संग्रहाच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, आज कामाला हात घातला. जुन्या बडोद्यातल्या एका मराठी घराण्याने फार वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ४१२ पुस्तकं दिली होती. सोबत घरातल्याच कुणीतरी बालबोधीत लिहिलेली यादी आहे: लांबोडकी हिशेबाची वही, लाल कापडाचा पुठ्ठा, टाकाने लिहिलेलं घोटीव अक्षर. यादीतलं नाव वाचायचं, पुस्तक मांडणीवर आहे का पाहायचं, दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात नोंदताना दिलेला) ताडायचा आणि संगणकावरच्या तक्त्यात भरायचं, असं काम.

हे आत्ताच का, तर ऑगस्टमधला पूर. २६ तारखेपासून पाऊस कोसळला, विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, अर्धं बडोदं पाण्यात गेलं, वस्तीत मगरी शिरल्या. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर मांडणीच्या खालच्या दोन फळ्या बुडाल्या. माणसांनी जमेल तसं उचलून वर नेलं म्हणून बाकीचं वाचलं. आता काय उरलं आणि काय गेलं याचा हिशेब लावायचा आहे.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर हे काम स्वतःहून मागून घेतलं. जोडीला ग्रंथालयशास्त्राची एक विद्यार्थिनी आहे, मला मासी म्हणते. मराठी तिला ऐकून समजतं, पण जुनं बालबोध हस्ताक्षर अडतं. म्हणून वाटणी ठरली: मी वाचायचं, तिने टंकायचं.

भिजून वाळलेली पुस्तकं फुगली आहेत, मिटता मिटत नाहीत. पानापानांत वर्तमानपत्राच्या घड्या खोचलेल्या. मी त्या काढून टोपलीत टाकत होते, तर तिने हात धरला. छापील शाई पानावर उतरली आहे का ते बघायचं आणि कुठल्या पुस्तकातून काय निघालं ते जपून ठेवायचं, असं तिला शिकवलं आहे. दर पुस्तकाचं एक पाकीट केलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

९१ पुस्तकं झाली. मुंबई-पुण्यात छापलेल्या जुन्या पुस्तकांवर सन १८६७ च्या २५व्या कायद्याप्रमाणे रजिस्टर केल्याची ओळ दिसते, आणि छपाईचं साल बहुतेक शकात. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन. जोडीदारणीला हे नवीन होतं. गुजराती पुस्तकांवर तिने संवत पाहिलेला; त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. एकाच शहरातली दोन घरं दोन वेगवेगळी वर्षं लिहीत होती, याची तिला फार गंमत वाटली.

आमच्याकडे शिक्का दोन ठिकाणी मारतात. एक शीर्षकपानावर, दुसरा आत एका ठरलेल्या पानावर. कुणी शीर्षकपान फाडलं तरी आतल्या शिक्क्यावरून पुस्तक आपलं हे सिद्ध करता येतं. ते पान कोणतं, हे इथे लिहीत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

यादी संपली. ४०३ पुस्तकं मिळाली. नऊ नाहीत.

नऊही नावं दाखल नोंदवहीत आहेत, क्रमांकासकट. म्हणजे ती ग्रंथालयात आली होती, यात शंका नाही. मूळ यादीत या नऊ नावांपुढेच, समासात, पेन्सिलीने बारीक खुणा आहेत. बाकी ४०३ नावांपुढे अशी एकही खूण नाही. प२० दोनदा, प२३ चारदा, प२९ दोनदा. एका खुणेत प२ च्या पुढे पुन्हा प सारखंच काहीतरी दिसतं. लिहिणाऱ्याचा हात घसरला असावा. तक्त्यात 'प२?' असं भरायला सांगितलं.

आणि नऊही पुस्तकं आकाशाची. केरो लक्ष्मण छत्र्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके', १८६० ची. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र', १८९६. बाकीची पंचांग, तिथी, ग्रहणं, पृथ्वीची गती यांवरची लहानमोठी. दीक्षितांचं नाव वाचताना घशाशी आलं. शिक्षकी करत त्यांनी हा डोंगराएवढा ग्रंथ लिहिला, त्याच वर्षी सेवेल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेवर इंग्रजीतही पुस्तक काढलं, आणि १८९८ साली, पंचेचाळिशीत, गेले. त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती इथे होती आणि आता नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आज कचेरीत जे ऐकलं ते लिहायला जड जातंय, पण नोंद हवी.

पुराच्या आठवड्यात शिपाईकाकांना कुणीतरी संध्याकाळच्या वेळी कॅरिअरवर बंडल बांधलेल्या सायकलसह पाहिलं होतं. बंडल कागदाचं होतं एवढंच सांगणाऱ्याला आठवतं. नऊ पुस्तकं गायब झाल्याचं कळल्यावर त्या बंडलाची आठवण निघाली. पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, विकली असतील, असं एक जण म्हणाला आणि तेवढ्यावर सगळे बोलू लागले. काका ३१ जानेवारीला निवृत्त होतात. ना-देय दाखला (काही देणं बाकी नसल्याचा) अडकवून पुस्तकांची किंमत त्यांच्या रकमेतून कापायची, अशी टिप्पणी तयार होतेय.

जोडीदारीण वर्गात शिकलेला नियम घेऊन आली. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) क्रमांक २१५: वर्षात जेवढे ग्रंथ वाचकांनी नेले-हाताळले, त्यांच्या दर हजारामागे पाच हरवले तर ते स्वाभाविक धरावं. मात्र पुस्तक हजार रुपयांहून महाग असेल, किंवा दुर्मिळ असेल, तर किंमत कितीही असो, चौकशी झालीच पाहिजे. आमची नऊ दुर्मिळात मोडतात. चौकशी व्हावी हे मलाही पटतं. पण चौकशी म्हणजे आधी माणूस धरायचा आणि मग कारण शोधायचं, असं नव्हे.

काकांशी मी याबद्दल बोलले नाही. त्यांनी सकाळी नेहमीसारखा पाण्याचा जग भरून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बेन, पंखो चालू करूं?" थंडी पडायला लागली आहे, तरी विचारतात, कारण मला उकडतं हे त्यांना माहीत आहे.

नऊ पुस्तकं मी शोधणार.

४ डिसेंबर, बुधवार

आज मांडणीसमोर दुपारभर बसले. हे पुस्तक तिथे होतं की नव्हतं, ते शेजारचं पुस्तक सांगतं. जुनी कापडी बांधणी उजेडाने उडते. मोठ्या पुस्तकाला खेटून वर्षानुवर्षं लहान पुस्तक उभं राहिलं, तर लहान पुस्तकाने झाकलेला भाग मूळ रंगाचा राहतो आणि वरची पट्टी फिकट होते. अगदी शिसपेन्सिलीने आखल्यासारखी चौकट उमटते. आमच्या संग्रहात अशा सावल्या जागोजागी आहेत. एका निळ्या पुठ्ठ्यावर शेजारच्या पोथीवजा पुस्तकाची सावली इतकी स्वच्छ आहे की त्या पुस्तकाच्या दुमडलेल्या कोपऱ्याचा त्रिकोणसुद्धा दिसतो.

पूर आला तेव्हा हा संग्रह दाखल क्रमांकाच्या ओळीनेच वर नेलेला, क्रम मोडलेला नाही. म्हणून नऊ रिकाम्या जागांच्या दोन्ही बाजूंची पुस्तकं, अठरा पुठ्ठे, एकेक करून खिडकीत धरले. एकावरही अनोळखी सावली नाही. दोन ठिकाणी तर डावीकडच्या पुस्तकाची सावली उजवीकडच्यावर बरोबर बसते, म्हणजे ती दोघं कित्येक वर्षं एकमेकांना चिकटून उभी होती.

नऊ पुस्तकं या मांडणीवर उभीच राहिली नाहीत. निदान फार फार वर्षांत नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार

सावली कचेरीला चालणार नाही, कागद हवा. ग्रंथपालबेननी जुनी मागणीपत्रकं पाहायची परवानगी दिली, त्यांचे आभार मानते. चार दिवस धूळ खाल्ली आणि एक सापडलं: २०१९ मधलं, एका वाचकाने दीक्षितांचा ग्रंथ मागितलेला, मागे शेरा 'रॅक पर नथी', मांडणीवर नाही. पुराच्या पाच वर्षं आधी.

तरी उत्तर आलंच: काका तेव्हाही इथेच होते.

जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात छत्र्यांची कोष्टकं आहेत असं कळलं म्हणून तिथेही जाऊन आले. होती. शीर्षकपान फाटलेलं पाहून पोटात गोळा आला. आतलं ठरलेलं पान उघडलं, उजेडात तिरकं धरलं. शिक्का नाही, खोडल्याचा ओरखडाही नाही. आपली प्रत नव्हे.

१९ डिसेंबर, गुरुवार

आता 'प'. आठवडाभर या एका अक्षरामागे आहे. प म्हणजे पोथी? पोथ्यांच्या कपाटात २०, २३, २९ क्रमांकांची बासनं काढून पाहिली. स्तोत्रं आणि माहात्म्यं. प म्हणजे पंचांग? मग दीक्षितांपुढे आणि पृथ्वीच्या गतीपुढे तीच खूण कशी?

मग सुचलं, पेटी. आणि बडोद्यात पुस्तकांची पेटी म्हटलं की एकच गोष्ट आठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावलं, त्यांनी तीन वर्षांत इथे मोफत ग्रंथालयांची घडी बसवली. मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांची, खेड्यांची, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे फिरती ग्रंथालयं: लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावाला पाठवायची, वाचून झाली की पेटी परत, दुसरी रवाना. १९१२ पासून ग्रंथालयांचं एक नियतकालिकही निघे, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभाग असे. माझी आजी सांगायची, त्यांच्या गावी पेटी आली की आधी पाटलाकडे उघडायची आणि बायकांची पुस्तकं पदराखालून घरोघर जायची. ती शाळेत गेली नव्हती. त्या पेट्यांवर ती वाचायला शिकली.

म्हणून मला खात्रीच झाली. पेटी २०, पेटी २३, पेटी २९. घराण्याची आकाशाची पुस्तकं कुणी पेट्यांत घातली असतील. मांडवीकडे मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आले. तिथल्या लोखंडी मांडण्यांमधली काचेची जमीन मी लहानपणी पाहिलेली. वरच्या मजल्याचा उजेड काचेतून खाली झिरपतो, पाय ठेवायला तेव्हाही भीती वाटायची, आजही वाटली. लोक आपुलकीने बोलले. पण काळ जुळत नाही. आमच्या संग्रहाची दाखल नोंद स्वातंत्र्यानंतरची आहे, आणि पेन्सिलीची खूण त्याहून आधीची असण्याचं काही कारण नाही.

आमच्या कोठीत एक जुनी लाकडी पेटी होती. काकांनीच कुलूप काढून दिलं. आत परीक्षांच्या जुन्या कोऱ्या वह्या. मी कशासाठी बघतेय हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलेलं आहे, असं मला वाटलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

'प' बाजूला ठेवला. बंडलाकडे वळले.

वर्तमानपत्राची पाकिटं उघडून टेबलावर मांडली. ६४ पुस्तकांतून निघालेल्या घड्या, बहुतेक गुजराती पेपर, जून ते ऑगस्ट २०२४ च्या तारखा. पेपर टाकणारा पोरगा वरच्या कोपऱ्यात घराचा नंबर बॉलपेनने लिहितो ना, तो कोपरा कित्येक घड्यांवर शाबूत होता. ए-१०३. बी-२०४. बी-३०१. सी-२. ग्रंथालयात येणाऱ्या पेपरांवर आमचा शिक्का असतो. यांतल्या एकावरही नाही. हे पेपर कुणाच्या तरी घरचे आहेत, एका नव्हे, अनेक घरांचे, आणि ते बाहेरून इथे आलेत.

दुपारी जोडीदारणीला घेऊन काकांच्या सोसायटीत गेले. ते कामावर होते, मुद्दामच ती वेळ धरली. जिन्यापाशी ए, बी, सी अशा पाट्या. बी-२०४ मधल्या बेननी दार उघडलं आणि विचारायच्या आधीच सांगायला लागल्या. पुरात लाइट नव्हती, पाणी खाली उभं होतं, ओसरल्यावर काका घरोघर फिरून पस्ती मागत होते. "चोपड्यो भीनी थई गई छे, कागळ आपो." पुस्तकं भिजली आहेत, कागद द्या. त्यांनी दोन महिन्यांची पस्ती दिली. नंतर पस्तीवाला आला तेव्हा द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून तारखेसकट लक्षात राहिलं. रोज थोडी थोडी करून चार-पाच दिवस काका सायकलवर बांधून नेत होते.

बंडल पाहणाऱ्याने बंडल पाहिलं. सायकलचं तोंड कुठे होतं ते पाहिलं नाही.

६४ पुस्तकं त्या कागदांनी वाचली. एका पानाला दुसरं चिकटलेलं नाही. छापील कागदाची शाई काही ठिकाणी उतरली आहे, कोरा कागद मिळता तर बरं झालं असतं, पण त्या चार दिवसांत कोरा कागद आणणार कोण आणि कुठून? काकांनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मीही नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार

बंडलाचा खुलासा लेखी दिला, बी-२०४ च्या बेनच्या सहीसकट. बोलणारे गप्प झाले. टिप्पणी मात्र मागे घेतलेली नाही: पुस्तकं मिळेपर्यंत जबाबदारी मांडणीच्या कर्मचाऱ्याची. दिवस उरले पंचवीस.

१२ जानेवारी, रविवार

पुण्याहून भाचा आलाय, उत्तरायणासाठी, म्हणजे आपल्या संक्रांतीसाठी. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. त्याला घेऊन गेंडीगेटला गेले, पतंग आणि फिरकी घ्यायला. रस्त्याच्या कडेला खांबाखांबांत दोरे ताणून मांजा रंगवणं चाललेलं, सगळीकडे गुलाबी हात. गर्दीत तो माझं बोट धरून पाट्या वाचत होता. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते एवढं त्याने सकाळीच शोधून काढलं होतं, आणि बरीचशी अक्षरं ओळखीची निघाली म्हणून खूश होता. एका दुकानात पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला. तो थांबला.

"आजी, प शून्य म्हणजे काय गं?"

मी वर पाहिलं. पन्नास रुपये लिहिले होते.

गुजराती पाच. गुजराती पाच आणि गुजराती प दिसायला एकच. आपला प, फक्त डोक्यावरची रेघ काढलेला. मी जन्मभर हा आकडा बसवर, दुधाच्या बिलावर, भाजीच्या पाटीवर पाहत आले, आणि पाचच वाचत आले. पण ती यादी मराठी, अक्षर बालबोध, मराठीच्या शिक्षिकेने हातात घेतलेली. मराठी पानावर मी प वाचला. दोन, तीन, नऊ, शून्य हे दोन्हीकडे जवळजवळ सारखे, त्यामुळे कुठे ठेचही लागली नाही. एका जागी लागली होती, प२प. तिथे मी लिहिणाऱ्याचा हात घसरला म्हटलं.

५२०. ५२३. ५२५. ५२९.

भर बाजारातून जोडीदारणीला फोन केला. खुणा वाचून दाखवल्या, आज पहिल्यांदा आकडे म्हणून. ती ओरडलीच. "मासी, आ तो ड्यूई छे!" ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ५२० खगोलशास्त्र, ५२३ ग्रह-तारे, ५२५ पृथ्वी, ५२९ कालगणना. पहिल्या वर्षाला पाठ करून घेतात. सात आठवडे ती माझ्या शेजारी बसली होती. यादीवर तिची नजर एकदा पडती तर पाच सेकंदांत सांगती. पण मी वाचायचं आणि तिने टंकायचं अशी वाटणी मीच केली होती.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन दिवस ग्रंथालय बंद. ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

आता चित्र असं दिसतं. दान आलेली पुस्तकं भाषेप्रमाणे एकत्र ठेवायची ठरलं होतं. पण दाखल करताना एखाद्या गुजराती लिहिणाऱ्या, कामाला पक्क्या कर्मचाऱ्याला वाटलं असेल की खगोलाची पुस्तकं खगोलात हवीत. त्याने आकाशाची नऊ वेगळी काढली, यादीत पेन्सिलीने वर्गांक टाकला आणि विज्ञानाच्या मांडणीत नेऊन लावली. चूक त्याची काहीच नाही. उलट नऊ पुस्तकं जिथे वाचकाला सापडावीत तिथे त्याने ठेवली. पुढे ते जाणणारं कुणी उरलं नाही, आणि मराठी पुस्तक शोधणारा मराठीच्या मांडणीशीच येऊन परत जात राहिला.

विज्ञानाची मांडणीही तळमजल्यावरच होती. पुराच्या वेळी तिथली पुस्तकं माळ्यावर नेली, ती अजून गठ्ठ्यांतच आहेत, सुतळीने बांधलेली. दर गठ्ठ्यावर एक चिठ्ठी, काकांच्या अक्षरात: वर्गांक, किती नंग, तारीख. गुजराती आकडे. दर चिठ्ठीवर तोच प. आज तो मला पाच दिसला.

काकांनीच शिडी धरली. ५२० चा गठ्ठा सोडला. इंग्रजी, इंग्रजी, गुजराती, मग काळपट तपकिरी पाठ, नाव उडालेलं. छत्रे. दुसरंही तिथेच. ५२३ मध्ये चार. ५२५ मध्ये ते एक, प२प. ५२९ च्या गठ्ठ्यात वरून तिसरा दीक्षितांचा ग्रंथ.

तो मांडीवर घेऊन माळ्यावरच बसले. पुठ्ठ्याचा एक कोपरा कसरीने खाल्लाय, पानं पिवळी पण घट्ट, आतल्या ठरलेल्या पानावर आमचा शिक्का. पंचांगांच्या प्रकरणात कडुनिंबाची काडी निघाली, पानांची नुसती जाळी राहिलेली. घराण्यातल्या कुणी बाईने ठेवली असेल, पुस्तक इथे देण्याच्या कितीतरी आधी. काडी पाकिटात ठेवली नाही. जिथे होती तिथेच राहू दिली.

काका खालून म्हणाले, "मळी गई, बेन?" मला बोलता येईना. जोडीदारणीने वरून सांगितलं, आठ.

२० जानेवारी, सोमवार

आठ मिळाली म्हणजे नववं गेलं, असं आता म्हणताहेत. नववं म्हणजे ५२९ मधलं दुसरं, तिथी काढायचं एक लहान पुस्तक. नोंदवहीत उंची १८ सें.मी.

२४ जानेवारी, शुक्रवार

५२९ चा गठ्ठा पुन्हा सोडला. काकांच्या चिठ्ठीवर १४ नंग, तारीख २७ ऑगस्ट. गठ्ठ्यात १४ च आहेत. पण ही चिठ्ठी त्यांचीच, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं आणि पुठ्ठे खिडकीत धरले.

दीक्षितांच्या ग्रंथाशेजारी लाल कापडाचं एक जाड इंग्रजी पुस्तक आहे. त्याच्या पुठ्ठ्यावर सावली आहे. खालून मोजली: १८ सें.मी. गठ्ठ्यातलं दुसरं एकही पुस्तक त्या मापाचं नाही. नववं इथे उभं होतं, वर्षानुवर्षं. आणि त्या सावलीच्या आत, जिथे कापड कोरं करकरीत राहायला हवं, तिथे धुळीचा थर बसून घट्ट झालाय. पुराच्या दमटपणाचा डाग त्या धुळीच्या वर आहे, खाली नाही. धूळ आधीची, ओल नंतरची. पाणी आलं तेव्हा ही जागा रिकामी होऊन बराच काळ लोटला होता.

ग्रंथपालबेनना माळ्यावर बोलावून दाखवलं. त्यांनी भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं, बोट न लावता. मग खाली जाऊन टिप्पणी मागे घेतल्याचा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला. काकांचा ना-देय दाखला सोमवारी सहीला जातोय.

आज संध्याकाळी काका टेबलाशी आले. मी तक्ता दुरुस्त करत होते, 'प२?' खोडून ५२५. यादी त्यांच्याकडे वळवली आणि ती पेन्सिलीची खूण दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि सहज म्हणाले, "पांचसो पच्चीस."

नववं: जुन्या पद्धतीत पुस्तक बाहेर गेलं की त्याचं कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून तारखेच्या खणात ठेवत. ते लाकडी खण कोठीत आहेत, कार्डं आत तशीच. सोमवारपासून ती बघायची. यादी या वेळी जोडीदारीण वाचेल.